फुटबॉल कोच मुलांवर फार ओरडतात, टाच दुखते म्हटलं तर "नाटकं" म्हणतात, काय करावं? (नाशिक)

गंगापूररोडची_आई

नमस्कार मंडळी. मुलगा अकरा वर्षांचा आहे, सहावीत. आमच्याकडच्याच एका अकॅडमीत फुटबॉलला जातो, नाव मुद्दाम लिहीत नाहीये. आधी इतकं वेड होतं की शाळेतून आला की दप्तर टाकून थेट ग्राउंडवर, आता संध्याकाळचे पाच वाजत आले की पोटात दुखतं, होमवर्क आठवतो, कधी मोजे सापडत नाहीत.

कोच चांगले खेळलेले आहेत, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण बोलणं!! "ए जाड्या", "मुलीसारखा काय पळतोस", पास चुकला की सगळ्यांसमोर उठाबशा आणि एकाचं चुकलं की अख्ख्या टीमला राउंड, मग बाकीची पोरं त्या एकावर खार खाऊन असतात. पालकांनी आत थांबायचं नाही असा नियम आहे, आम्ही बाहेर गाडीत बसतो, तिथपर्यंत आवाज ऐकू येतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो, त्यामुळे फी, किट आणि पुण्याच्या टुर्नामेंटचे पैसे एवढंच तिथे येतं.

हे सगळं मी एकवेळ सहन केलं असतं. पण परवा सकाळी हा बाथरूमकडे चवड्यांवर चालत जाताना दिसला. विचारलं तर म्हणे टाच दुखते, बरेच दिवस झाले. मला का नाही सांगितलंस, तर "तू सरांना सांगशील, मग ते नाटकं म्हणतात आणि मॅचला बाहेर बसवतात". तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मिस्टर म्हणतात आमच्या वेळी पीटीचे सर छडीने मारायचे, काय झालं आम्हाला. कोणाशी बोलू, कसं बोलू, की सरळ क्लब बदलू?

सिडकोकर_बाबा

ताई थोडं ओरडणं चालतंच हो. एवढ्या मोठ्या मैदानावर मुलांना हळू आवाजात कसं ऐकू जाणार. माझा मोठा संभाजी स्टेडियमला खेळायचा, त्याचेही सर कडक होते पण पोरगा सुधारला. आजकाल मुलांना कोणी काही बोललं की लगेच आपण मधे पडतो. टाचेचं मात्र डॉक्टरला दाखवा, त्यात हयगय नको.

फिजिओ_नाशिकरोड

टाचेबद्दल आधी, कारण हे माझ्याकडे सारखं येतं. आठ ते चौदा वयाच्या पळणाऱ्या मुलांमधे टाचेच्या हाडाची वाढ जिथे चालू असते तो भाग ताणाने दुखायला लागतो, डॉक्टर लोक याला सीव्हर्स म्हणतात. उंची भराभर वाढते, पोटरीचा स्नायू त्या मानाने आखूड पडतो आणि तो टाचेला मागून ओढत राहतो. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की पोरगं ओरडतं, आणि चवड्यांवर चालणं तर अगदी नेहमीचं. उन्हाळ्यात आपल्याकडची ग्राउंड दगडासारखी होतात, त्यात पातळ सोलचे स्टड घालून रोज सराव म्हणजे दुखणारच.

घाबरण्यासारखं सहसा नसतं, वाढ पूर्ण झाली की जातं. पण तोपर्यंत पळणं आणि उड्या कमी करणं, पोटरीचं स्ट्रेचिंग, बुटात टाचेखाली मऊ पॅड, नंतर बर्फ, एवढं करावं लागतं. फोनवर किंवा इथे वाचून ठरवू नका, ऑर्थोला एकदा दाखवा, आणि रात्री झोपेत दुखत असेल, सूज असेल, ताप असेल तर अजिबात थांबू नका. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला असंच दुखतं त्याचं नाव वेगळं, पण कारण तेच.

आता राग येतो तो भाग. हे दुखणं लवकर सांगितलं तर थोड्या विश्रांतीवर भागतं, लपवलं तर अर्धा सीझन जातो. म्हणजे "नाटकं" म्हणणारा कोच स्वतःचाच प्लेअर घालवतो. ओरडण्याचं सिडकोकर म्हणतात ते ठीक, आवाज मोठा असायला माझी ना नाही, पण मुलगा दुखणं लपवायला लागला की तिथे काहीतरी बिघडलंय. आणि एक विचारा मुलाला, पाणी मागितलं तर मिळतं का. एप्रिलच्या उन्हात पाणी मागितलं म्हणून वाढीव राउंड देणारे मी या शहरात बघितलेत, त्याला शिस्त म्हणत नाहीत.

जुना_लेफ्टबॅक

मी स्वतः लहान मुलांना शिकवतो, म्हणून पलीकडची बाजू पण सांगतो, जरा लांबेल.

एक तर चांगला खेळलेला माणूस चांगला शिकवेलच असं नाही. एआयएफएफचा, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचा, डी लायसन्सचा कोर्स असतो तो मुळात मुलांना शिकवणाऱ्यांसाठीच आहे. तुमच्या कोचकडे तो आहे का हे विचारण्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, ज्याच्याकडे आहे तो आनंदाने दाखवतो. अर्थात सर्टिफिकेट असून शिव्या देणारे पण आहेत, त्यामुळे तेवढ्यावर जाऊ नका.

खरी गोम टुर्नामेंटमधे आहे. बारा वर्षांखालचा कप जिंकला, फोटो इन्स्टाला टाकला, की पुढच्या महिन्यात अ‍ॅडमिशन वाढतात. आपण पालकच तो फोटो बघून अकॅडमी निवडतो ना! मग कोच काय करणार, जो पोरगा आज उंच आणि दणकट आहे त्याला पुढे उभा करणार, लांब किक मारायला सांगणार आणि बारका बाहेर बसणार. वयोगट बहुतेक वेळा १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात, अकराव्या वर्षी तो फरक केवढा दिसतो बघा. डिसेंबरवाला कच्चा नसतो, लहान असतो. त्याला दोन वर्षं बेंचवर बसवलं की तो क्रिकेटला जातो किंवा मोबाईलला.

दुसरं म्हणजे अख्खी मॅच "पास दे, मार, मागे ये, मागे ये" असं ओरडणारा कोच हातात व्हिडिओ गेमचा रिमोट धरल्यासारखा मुलं चालवत असतो. मुलगा बॉल येण्याआधी मान वर करून आजूबाजूला बघायच्या ऐवजी कोचकडे बघतो. यात मुलगा फुटबॉल शिकतच नाही, हे मला त्या उठाबशांपेक्षा जास्त खटकतं.

आणि हो, पालकांना आत का येऊ देत नाहीत याचंही कारण आहे. महात्मानगरला एका मॅचला मी रेफरी होतो, दोन वडील लाईनवरून एकमेकांच्या मुलांना जे बोलत होते ते इथे लिहिता येणार नाही. पण म्हणून कायम दार बंद ठेवणं बरोबर नाही, महिन्यातून एकदा तरी बसून बघू द्यायला हवं. जिथे अजिबातच बघू देत नाहीत तिथे मी माझा पुतण्या पाठवणार नाही.

गंगापूररोडची_आई

सगळ्यांना थँक्यू, फिजिओ ताई/दादा जे असाल ते, चिमटीत दाबून बघितलं, तसंच आहे, उद्याची अपॉइंटमेंट घेतली.

एक सांगायचं राहिलं. हेच सर त्याच्या शाळेच्या टीमचे पण कोच आहेत. बाकीच्या आया म्हणतात आत्ता बोललीस तर शाळेच्या टीममधून काढतील, मग जिल्हा स्पर्धा नाही, दहावीला ग्रेस मार्क नाहीत.

पंचवटीतून

अहो दहावीला अजून चार वर्षं आहेत! चौदा वर्षांखालच्या गटात तो आत्ता कुठे यायचाय. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून होतात, तिथे एंट्री शाळेची जाते, अकॅडमीची नाही. टीम निवडीबद्दल मुख्याध्यापकांना भेटता येतं. या ग्रेस मार्कांच्या भीतीवर किती लोकांची दुकानं चालतात हे एकदा मोजायला पाहिजे कोणीतरी.

माझी मुलगी खेळते म्हणून अजून एक. कोच मुलांना वेगळे, खासगी मेसेज करतात का हे बघा. आमच्या आधीच्या ठिकाणी रात्री दहाला मुलींना "आज छान खेळलीस" असे मेसेज यायचे, वाईट काही नव्हतं त्यात, पण आम्ही सगळ्या आया मिळून सांगितलं की जे लिहायचं ते पालकांच्या ग्रुपवर. एका दिवसात बंद झालं. एकटी गेले असते तर "तुम्हालाच प्रॉब्लेम आहे" ऐकलं असतं.

न्यूजर्सीचा_नाशिककर

इकडचं सांगतो. अमेरिकेत कोचला सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळाडूंशी गैरवर्तन होऊ नये याचं, ट्रेनिंग करावं लागतं, आणि मोठा माणूस आणि मूल दोघंच एकटे, कोणाला दिसणार नाहीत असे राहायचं नाही हा नियम आहे. यूएस सॉकरने, म्हणजे तिकडच्या फुटबॉल संघटनेने, दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांचं हेडिंग (डोक्याने बॉल मारणं) २०१६ पासून बंद केलंय, अकरा ते तेराला सरावातलं हेडिंग मर्यादित ठेवायचं. ऐकायला भारी वाटतं ना, पण ओरडणारे कोच इथे पण ढिगाने आहेत आणि फी तुमच्या कितीतरी पट, आणि पैसे भरून पोरगं बेंचवरच. फरक एवढाच की तक्रार कुठे करायची ते लिहिलेलं असतं.

कोर्टातली_वहिनी

तक्रारीचं बोलताय तर, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मधे शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे, पण ते शाळेपुरतं. शाळेच्या टीमच्या सरावात असं होत असेल तर लागू होईल. खासगी अकॅडमीत ते कलम चालत नाही, तिथे बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने क्रूरपणे वागवलं तर. मारहाण किंवा अंगाला नको तसा हात लावणं असेल तर सरळ १०९८ ला फोन किंवा पोलीस, तिथे चर्चा बिर्चा नाही.

तुमच्या केसमधे एवढं लगेच काढायची गरज मला दिसत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घ्या आणि अकॅडमीच्या मालकाला मेल करा, फोन नको. इतके आठवडे पळणं बंद, खेळताना दुखलं तर त्याला बाहेर यायची परवानगी हवी, आणि त्याला नावं ठेवायची नाहीत. तीन वाक्यं. "तुमची संस्कृती" वगैरे भाषणं लिहू नका, कोणी वाचत नाही.

गंगापूररोडची_आई

झालं ते सांगते. डॉक्टर सीव्हर्सच म्हणाले. मेल केला, सोबत अजून तीन आयांची नावं टाकली (दोघींनी आयत्या वेळी माघार घेतली, असो). मालकांनी भेटायला बोलावलं, कोच पण होते. आधी म्हणाले आम्ही असंच शिकलो, मग चिठ्ठी बघून जरा गप्प झाले. "जाड्या" म्हणणं बंद करतो म्हणाले, उठाबशांबद्दल काही कबूल केलं नाही. शनिवारी पालकांनी बसून बघायचं मान्य झालंय. माझा फार विश्वास नाही, या टर्मची फी भरलेली आहे तोपर्यंत बघते, तोवर जुना_लेफ्टबॅक तुमच्या बॅचची वेळ मेसेज करून ठेवाल का. मिस्टर अजून छडीवरच आहेत.

सिडकोकर_बाबा

बरं झालं बोललात. ते टाचेखालचं पॅड कुठे मिळतं पण? धाकटा पण चार दिवस झाले लंगडतोय.

फिजिओ_नाशिकरोड

सर्जिकलच्या दुकानात हील कप मागा, सिलिकॉनचे, दोन्ही पायांना घाला नाहीतर एक पाय उंच होतो. पण आधी धाकट्याला दाखवा, दादा.