मदतीचं आवाहन : संशय घ्या, पण कागद तपासून

उपचारांसाठी पैसे मागणारं ऑनलाइन आवाहन दिसलं की कुणीतरी म्हणतं, "फोटोत पेशंट हसतोय आणि रक्कम दोनदा वाढवली, म्हणजे फसवणूकच." या दोन्हींवरून काहीच सिद्ध होत नाही, आणि एवढ्यावर आजारी माणसाच्या घरच्यांना खोटारडं ठरवणं क्रूरपणा आहे. हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक बहुधा उपचारांआधी दिलेलं असतं. आयसीयूतले दिवस वाढले, शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला की ते कोलमडतं. विमा असूनही पैसे लागू शकतात. कॅशलेस, म्हणजे विमा कंपनीने हॉस्पिटलला थेट पैसे देण्याची सोय, नसेल तर बिल आधी स्वतः भरावं लागतं.

तपासायचे ते कागद. अंदाजपत्रकावर पेशंटचा नोंदणी क्रमांक, तारीख, सही-शिक्का आहे का? तोच क्रमांक, तेच वय तपासण्यांच्या रिपोर्टवर आहे का? दुसऱ्याच्या कागदावर फक्त नाव आणि रक्कम बदलली असेल तर तेवढ्याच ओळीतली अक्षरं जाड किंवा किंचित वरखाली दिसू शकतात, किंवा बेरीज एकूण रकमेशी जुळत नाही असंही होतं. फोटो आधी दुसरीकडे वापरलेला आहे का ते पाहायला तो इमेज सर्चमध्ये (फोटोवरून इंटरनेटवर शोध) टाकताना कडा कापून आणि आरशातल्यासारखा उलटवूनही टाकून बघा.

मग हॉस्पिटलला फोन. नंबर आवाहनातला नको, स्वतः शोधलेला हवा. आजाराबद्दल विचारू नका. ती माहिती ते देणार नाहीत, देऊही नये. बिलिंग विभागाला एवढंच विचारा, "या नोंदणी क्रमांकावर थेट पैसे भरता येतील का?" हो म्हणाले तर तिथेच भरा आणि पावतीवर तोच क्रमांक लिहून घ्या.