एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन होऊनही ओटीपोट दुखतंच आहे, मदत हवी आहे

नमस्कार. वय ३४, राहणार भुसावळ, शाळेत शिकवते. मला एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं. गेल्या वर्षी जळगावला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. डाव्या ओव्हरीतली चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) काढली, चिकटलेलं सोडवलं, बाकीचे ठिपके जाळले, असं डिस्चार्ज कार्डावर आहे. बायोप्सीतही एंडोमेट्रिओसिसच आला. सुरुवातीला वाटलं, सुटले एकदाची.

मग दुखणं परत आलं, पण वेगळं. आधी पाळीत मरणाचं दुखायचं, बाकी महिना बरा जायचा. आता डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मिग्रॅ रोज चालू आहे, पाळी जवळपास बंद, तरी डावीकडे सतत ओढ लागते, मांडीत कळ उतरते आणि संडासच्या वेळी आत सुरी फिरवल्यासारखं होतं. स्कूटीवर असताना गतिरोधक दिसला की मी आधीच सीटवरून उठते. परवा गच्चीवर बिबड्या घालताना उकिडवी बसले, तर जावेने हाताला धरून उठवलं.

सोनोग्राफी नॉर्मल. एक डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. दुसऱ्यांनी थेट पिशवी काढायला सांगितली. सासूबाईंनाही तेच पटतंय. आमच्या गल्लीत चाळिशीआधी पिशवी काढलेल्या बायका कमी नाहीत, त्यामुळे यात विचार करण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटतच नाही. मला वाटतं. पिशवी काढूनही दुखणं राहिलंच तर?

एमआरआय करावा का? ऑपरेशननंतरचं असं दुखणं कोणाचं कशामुळे निघालं? पुण्या-मुंबईला जायची तयारी आहे, पण कशासाठी जायचं ते आधी कळू दे. ओवा-बडीशेपेचे काढे करून झालेत, कृपया ते सुचवू नका.

प्रतिसाद:
ताई, मी धुळ्याची, याच फेऱ्यातून गेलेय. नुसते ठिपके जाळले असतील तर खोलवरचा आजार खाली राहू शकतो. तो कापून काढणं हे वेगळं काम आहे, आतड्यावर असेल तर आतड्याचा सर्जनही सोबत लागतो. साध्या सोनोग्राफीत तो बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआय कराच, आणि चिठ्ठीवर 'एंडोमेट्रिओसिससाठी' असं लिहून घ्या. अ‍ॅडेनोमायोसिस, म्हणजे तसंच अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरलंय का, तेही त्यात बघतील. तो असेल तर पिशवी काढण्याला काही अर्थ आहे. आजार पिशवीबाहेर उरला असेल तर पिशवी गेली तरी कळ राहू शकते.

माझ्यात मात्र आजार उरलाच नव्हता. इतकी वर्षं कळ दाबून धरून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडले होते. मी बिचारी यूट्यूब बघून कीगल, म्हणजे तेच स्नायू आवळायचे व्यायाम, करत होते. फिजिओने आधी ते बंद केले आणि स्नायू सैल सोडायला शिकवलं. डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलिन या नसांच्या दुखण्यावरही देतात त्या औषधाचा छोटा डोस दिला. फरक पडला, पण सावकाश. ऑपरेशनचं रेकॉर्डिंग असेल तर मागून ठेवा, पुढचे डॉक्टर तेच आधी विचारतील. संडासवाटे रक्त जातं का?

धागाकर्ती:
रक्त नाही. रेकॉर्डिंगचं डोक्यातच आलं नव्हतं, या आठवड्यात जाऊन मागते. तुमच्या फिजिओ धुळ्यातच आहेत की नाशिकला जावं लागतं?