‘लंबवर्तुळी वक्र’ म्हणावं का?

प्रश्न : नंबर थिअरीवरच्या (पूर्णांकांच्या गुणधर्मांच्या अभ्यासावरच्या) एका लेखाचं भाषांतर करतोय. ‘संख्याशास्त्र’ चालेल ना? आणि ‘एलिप्टिक कर्व्ह’ला मी लंबवर्तुळी वक्र लिहिलंय.

— ‘संख्याशास्त्र’ नको, तो शब्द स्टॅटिस्टिक्सने कधीच पळवलाय. ‘अंकशास्त्र’ म्हणाल तर वाचक जन्मतारखेची बेरीज करत बसेल. ‘संख्या सिद्धांत’ जरा कोरडा आहे, पण घोटाळा करत नाही.

— लंबवर्तुळी वक्र मात्र साफ चूक. य² = क्ष³ − २५क्ष हा एलिप्टिक कर्व्ह काढून बघा : डावीकडे अंड्यासारखा बंद तुकडा, उजवीकडे दोन्ही टोकं मोकळी सोडलेली फांदी. वाचक त्या अंड्यालाच लंबवर्तुळ समजणार! लंबवर्तुळाच्या परिघाची लांबी काढताना जे संकलन (इंटिग्रल) येतं, त्यातल्या वर्गमुळाखाली अशाच राशी निघतात, म्हणून हे नाव. आजोळचं आडनाव लागलंय म्हणा. मी तरी ‘एलिप्टिक वक्र’च लिहितो.

याच वक्रावर (−४, ६) हा बिंदू आहे; ३६ = −६४ + १००, पडताळून बघा. असा परिमेय बिंदू (दोन्ही निर्देशक पूर्णांक किंवा अपूर्णांक, आणि य शून्य नाही) मिळाला की ५ क्षेत्रफळाचा, परिमेय बाजूंचा काटकोन त्रिकोणही मिळतो : ३/२, २०/३, ४१/६. (टंकताना ‘परिमेय’चं ‘प्रमेय’ होऊ देऊ नका. धातू दोन्हींचा ‘मा’, मापणे, पण एक संख्या आणि दुसरं सिद्ध केलेलं विधान.)

प्रश्न : मग ‘मोर्डेल कंजेक्चर’ला ‘मोर्डेलचं अनुमान’ तरी बरोबर आहे का?

— ‘अटकळ’ बरं. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे, हे अनुमान. त्याला आधी व्याप्ती, म्हणजे ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हा नियम, पक्की लागते. मोर्डेलने १९२२मध्ये मांडलं तेव्हा हातात सिद्धता नव्हती : जीनस २ किंवा जास्त असलेल्या वक्रावर परिमेय बिंदू मर्यादितच, अनंत नाहीत. फाल्टिंग्जने १९८३मध्ये ते सिद्ध केलं, तेव्हापासून प्रमेय. जीनसला ‘प्रजाती’ करू नका. जीवशास्त्राच्या परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस खरं, पण वर्तमानपत्रं तो शब्द सर्रास स्पीशीजला वापरतात, आणि इथे तर मोजायची असतात वक्राच्या समीकरणाच्या संमिश्र उत्तरांतून बनणाऱ्या पृष्ठाला पडलेली भोकं.

प्रश्न : शेवटचं. ‘रँक’ला ‘कोटी’?

— रँक म्हणजे ढोबळमानाने एलिप्टिक वक्रावरच्या, एकमेकांपासून न मिळणाऱ्या स्वतंत्र परिमेय बिंदूंची संख्या. २०२४मध्ये एल्कीस आणि क्लॅग्सब्रन या गणितींनी किमान २९ रँकचा वक्र दाखवला. ‘वक्राची कोटी किमान २९’ लिहून बघा, लोक शून्यं मोजायला लागतील. रँकच राहू द्या.