जावातले पवित्र झरे: देव बदलले, विधी राहिले?

सांजवारा: जावात झऱ्याच्या कुंडाला 'सेंदांग' म्हणतात. योग्याकार्ताजवळच्या सेंदांगसोनोच्या झऱ्यात पूर्वी देवी लांतामसारी आपल्या मुलासह राहते, असं लोक मानत. १४ डिसेंबर १९०४ ला डच मिशनरी फादर व्हान लिथ यांनी त्याच पाण्यानं १७१ जावानीज लोकांना बाप्तिस्मा दिला. आज तिथे मेरीची मूर्ती आहे आणि भाविक पाणी भरून घरी नेतात. माझं म्हणणं, झऱ्याची मालकीण बदलली, भक्ती तीच राहिली.

कोरडा_पाषाण: बाप्तिस्मा घेणाऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी 'जुनं सोडलं' असंच सांगितलं असतं. सातत्य दिसतं ते आपल्याला, लांबून. झऱ्यावर फुलं आणि धूप ठेवणं म्हणजे शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला मानण्याचं पाप, असं म्हणणारे मुसलमान आजही जावातच आहेत. त्यांना काय सांगणार, तुमचंही तेच चाललंय?

ओवी: मला खटकते ती जाका तारूबची गोष्ट, जावातली झऱ्याची लोककथा. सात अप्सरा न्हायला उतरतात, हा एकीचं वस्त्र लपवतो आणि तिच्याशीच लग्न लावतो! कसलं पावित्र्य?

सांजवारा: पण गोष्ट तिथे संपत नाही ना. नावांगवुलान, म्हणजे तीच अप्सरा, एका लोंबीत अख्ख्या घराचा भात शिजवते. झाकण उघडायचं नाही, एवढीच अट. हा उघडतो. मग तिला रोज भात कांडत बसावं लागतं, कणगी रिकामी होत जाते आणि तळाशी तिला आपलं वस्त्र सापडतं. लेकीला मागे ठेवून ती निघून जाते. चोर सुटला कुठे?

ओवी: आणि लेकीचं काय? शिक्षा तिलाही झालीच की.

गावकूस: आपल्या साती आसरा आठवल्या. विहिरीवर हळदकुंकू, खणनारळ…

कोरडा_पाषाण: आलात आसरांवर! इथे विषय जावाचा आहे. रमजानच्या तोंडावर 'पादुसान', म्हणजे शुद्धीचं स्नान, म्हणून क्लातेन-बोयोलालीच्या झऱ्यांवर झुंबड उडते. अर्धी पोरं नुसती डुंबायला येतात. ही भक्ती की सहल?

सांजवारा: आपल्या जत्रेत पाळणे नसतात का? पनांगुंगान डोंगरावरचं जोलोतुंडो बघा. शके ८९९, म्हणजे इ.स. ९७७, तिथे दगडात कोरलंय. कुंड हिंदू काळातलं. सुरो या जावानीज वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या रात्री मुसलमान घरांतली माणसंही तिथे पाण्यात उतरतात. त्यांना कुणी बळजबरीने आणत नाही.