मदत हवी आहे: होल्कमच्या थॉमस कोक यांच्या कुळांबद्दल कुठे वाचायला मिळेल?

मंडळी, इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्याचे जमीनदार आणि खासदार थॉमस विल्यम कोक (१७५४–१८४२) यांच्यावर लेख लिहितेय. १७७६ साली होल्कमची जमीनदारी आणि पार्लमेंटातली जागा, दोन्ही त्यांच्याकडे आली. अमेरिकन वसाहतींची बाजू त्यांनी घेतली, हे सगळीकडे सापडतं. मला ओढ आहे ती त्यांच्या शेतीची. सलगम, जव, क्लोव्हर (चाऱ्याचं पीक), गहू असा पिकांचा फेरपालट. कुळांना जमिनीचे लांब मुदतीचे भाडेपट्टे, पण पिकांच्या अटी घालून. आणि मेंढ्यांची लोकर कातरायच्या दिवसांत होल्कमला जमणारे दूरदूरचे शेतकरी! कौतुक मात्र एकट्या कोक यांचंच होतं. राबणाऱ्या कुळांचं, मजुरांचं काय? त्यांच्याबद्दलची पत्रं, हिशेबवह्या कुठे ऑनलाइन आहेत का? एखाद्या पट्ट्याचा मूळ मजकूर मिळाला तर फारच उत्तम.