अनुभव धागा: घर बघायला निघण्याआधी तुम्ही कोणती तयारी केली?

वारजेकर
आमचे शनिवार-रविवार सध्या घरं बघण्यात जातात. बरंचसं काम आधी घरी बसून उरकता येतं, आणि ते उरकलेलं असलं की तिथे गेल्यावर घराकडे नीट लक्ष देता येतं. म्हणून सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण: तुम्ही काय तयारी केली होती ते लिहा. नवीन घर, जुनं घर, प्लॉट, काहीही चालेल.

सुरुवात मी करतो. आम्ही आधी पैशांचा कागद केला. समजा, घर ७० लाखांचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, म्हणजे फार तर ५६ लाख. उरलेले १४ लाख आपले. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी फी ३० हजार. हे दोन्ही खर्च त्या ८० टक्क्यांच्या हिशेबात येत नाहीत. म्हणजे १९ लाख २० हजार हाताशी हवेत, आणि यात दलाली, वकिलाची फी, रंगरंगोटी धरलेलीच नाही. खरेदी फक्त बाईच्या नावावर होणार असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. कुणाच्या नावावर घ्यायचं हेही त्यामुळे आधीच ठरवलेलं बरं.

हा आकडा लिहून काढल्यावर आमच्या यादीतली निम्मी घरं बघायला जायची गरजच उरली नाही.

सदाफुली_ठाणे
आम्हाला जुनंच घर हवं होतं, स्टेशनजवळ. एजंटचा फोन आला की मी जाण्याआधी ठरलेले प्रश्न विचारायचे. पहिला प्रश्न ओसीचा, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राचा. आमच्या भागात लोक वर्षानुवर्षं राहताहेत अशा इमारतींनाही ओसी नसते. मग कर्जाला अडचण, पाण्याला जास्त दर आणि पुढे विकताना परत तोच घोळ. एका एजंटने "सगळे राहतात की ताई, कशाला काळजी" असं उत्तर दिलं. ते घर मी बघितलंच नाही. आवडलं असतं तर मन मागे ओढत राहिलं असतं, म्हणून हा प्रश्न फोनवरच विचारायचा.

गोदाकाठ
नाशिककडे प्लॉट किंवा बंगला बघणाऱ्यांनी गट क्रमांक आधी मागून घ्यावा. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर बघता येतो. 'इतर हक्क' हा रकाना शांतपणे वाचा; बँकेचा बोजा, कुळाची किंवा वारसांची नावं तिथेच सापडतात. जमीन एनए, म्हणजे बिगरशेती आहे का, तेही विचारा.

माईसाहेब
मी कागदपत्रांतली नव्हे, पण मुलासाठी घर बघताना टेप माझ्या पिशवीत होता आणि वहीत घरातल्या वस्तूंची मापं होती: फ्रिज, शिलाई मशीन, दिवाण, देव्हारा. नमुना फ्लॅटमध्ये पलंग लहान ठेवतात, कपाटं उथळ असतात, कधी कधी दारंही लावलेली नसतात, त्यामुळे खोली मोठी वाटते. यजमानांना गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. लिफ्टला जनरेटर आहे का, आणि आजारी माणसाला आडवं झोपवून नेता येईल एवढी ती मोठी आहे का, हे दोन प्रश्न मी वहीत वर लिहून ठेवले होते. तरुण मंडळींना हे सुचत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पिंपळपान
माईसाहेब, वहीची कल्पना फार आवडली. मापांवरून आठवलं: जाहिरातीतला आकडा कार्पेटचा (घराच्या आतल्या वापरायच्या जागेचा) की सुपर बिल्टअपचा (जिना, लिफ्ट अशा सामाईक जागेचा वाटा धरून) हे आधी विचारा. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत.

बांधकाम चालू असलेलं घर असेल तर महारेरा, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्प शोधून जा. ताबा देण्याची तारीख, मंजूर आराखडे, चालू असलेले खटले, सगळं तिथे असतं. विक्री कार्यालयात चहा-बिस्किटांबरोबर "आजच बुकिंग केलंत तर" हे सुरू होतं, तेव्हा एक गोष्ट माहीत असावी: नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आम्ही तर पहिल्या भेटीला चेकबुक न्यायचंच नाही असं ठरवलं होतं.

वारजेकर
सदाफुलीताई, तुमचे सगळे प्रश्न इथे द्याल का? आम्हाला या रविवारी एक जुनं घर बघायचंय.

सदाफुली_ठाणे
देते की. ओसी आहे का? शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) मालकाच्या नावावर आहे का? आधीच्या सगळ्या खरेद्यांचे करार आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा) आहेत का? घरावर कर्ज चालू आहे का, म्हणजे मूळ कागद बँकेत आहेत का? सोसायटीची थकबाकी किती? कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर झालीय का? पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत का? पार्किंग कागदावर आहे की नुसतं तोंडी? आणि मालक स्वतः भारतात राहतात का? परदेशी असतील तर सही कुणाची, कुलमुखत्यारपत्र आहे का, ते बघावं लागतं. शिवाय अनिवासी मालकाला पैसे देताना टीडीएस (किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर) हाही नेहमीच्या १ टक्क्याने कापून चालत नाही, दर बराच जास्त असतो, त्यामुळे सीएला आधीच विचारून ठेवा. रविवारी जाल तेव्हा वॉचमनला पाण्याच्या वेळा विचारा, आणि टँकर येतो का तेही.