मदत हवी आहे: मामांनी पाठवलेला फोटो खरा की खोटा, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

वसुबारस आली की आमच्या घरच्या ग्रुपवर मामांचा एक फोटो ठरलेला. काळ्या पार्श्वभूमीवर भारत, त्यावर लाल-निळे-हिरवे ठिपके, खाली ओळ: 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा आपला देश'. यंदा राहवलं नाही म्हणून शोधलं. दिवाळीशी काहीच संबंध नाही हो! वस्ती कशी वाढली ते दाखवायला अमेरिकी शास्त्रज्ञाने 2003 मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून ते चित्र बनवलंय. पांढरे दिवे 1992 च्या आधीचे, निळे 1992 चे, हिरवे 1998 चे आणि लाल 2003 चे. मामांना सांगितलं, तर म्हणाले, "असू दे गं, छान दिसतंय ना!"

ते एक सोपं होतं, कारण नासानेच खुलासा केलेला आहे. आता त्यांनी '1910 सालची पंढरीची वारी' म्हणून एक काळा-पांढरा फोटो टाकलाय. झूम करून पाहिलं, तर टाळ धरलेल्या एका हाताला सहा बोटं वाटतात. की माझाच चष्म्याचा नंबर वाढलाय? गूगल लेन्सवर त्याच्याच ढीगभर प्रती येतात, पण सगळ्यात आधी कुठे आला ते कळत नाही.

तर फोटोची सर्वात जुनी प्रत मोबाइलवरच कशी शोधायची? एआयने बनवलेला फोटो ओळखायच्या तुमच्या खुणा काय? आणि मामांना न दुखावता हे सांगायचं कसं? भाऊबीजेला त्यांच्याकडेच जेवायला जायचंय.